मग अल्लाहला कोणी निर्माण केले?

घरातले सात-आठ वर्षांचे मूल मकतबमधून धडा शिकून येते. जमीन कोणी केली, आकाश कोणी केले, आंबा कोणी केला, अब्बांना कोणी केले, या सगळ्यांचे उत्तर एकच असते. मूल ते पाठ करते आणि दुसऱ्या दिवशी जेवताना सहज विचारते, 'मग अल्लाहला कोणी केले?' दादी तोंडावर हात ठेवते, अब्बा 'तौबा तौबा' म्हणतात आणि विषय तिथेच मिटतो. मुलाला एवढेच कळते की हा प्रश्न विचारायचा नसतो.

आपला इतिहास मात्र वेगळे सांगतो. हा प्रश्न बाहेरच्या कोणी नास्तिकाने आणून आपल्या दारात टाकलेला नाही. तो हदीसमध्येच आहे. हजरत अबू हुरैरा यांनी सांगितलेली हदीस बुखारी आणि मुस्लिम या दोन्ही संग्रहांत येते. सैतान माणसाला हे कोणी निर्माण केले, ते कोणी निर्माण केले असे विचारत पुढे नेतो आणि शेवटी तुझ्या रबला कोणी निर्माण केले, इथे आणून उभा करतो. तिथे पोचल्यावर अल्लाहचा आश्रय मागावा आणि थांबावे, असा तिचा आशय. मुलांना गप्प करायला ही हदीस फार वापरली जाते. पण मुस्लिम यांच्या संग्रहात तिच्या जवळच आणखी एक हदीस आहे, ती कोणी सांगत नाही. काही सहाबा प्रेषितांकडे (सल्ल.) आले आणि म्हणाले, आमच्या मनात असे काही येते की ते उच्चारायचीही भीती वाटते. प्रेषित रागावले नाहीत. हे तर उघड ईमानाचे लक्षण, अशा अर्थाचे त्यांनी सांगितले. म्हणजे हे विचार मदिनेतल्या पहिल्या पिढीच्याही मनात येत होते आणि त्यासाठी कोणाला जमातीबाहेर काढले गेले नव्हते.

पुढे इस्लाम अरबस्तानाबाहेर गेला आणि प्रश्न मनातून बाजारात आला. या वादाची एक जुनी हकीकत आपल्या भूमीशीही नाते सांगते. आठव्या शतकाच्या पूर्वार्धात खुरासानात जहम बिन सफवान नावाचा वाद घालणारा होता. त्याची गाठ 'सुमनिया' लोकांशी पडली. सुमनिया हा शब्द 'श्रमण' या शब्दावरून आला असे अभ्यासक मानतात. हे लोक म्हणजे तिकडचे बौद्ध असावेत. इंद्रियांना कळते तेवढेच ज्ञान, असा त्यांचा पक्ष होता. त्यांनी जहमला विचारले, तुझा ईश्वर तू पाहिलास काय? नाही. त्याचा आवाज ऐकलास? नाही. वास घेतलास, स्पर्श केलास? नाही. मग तो आहे हे तुला कशावरून कळले? जहम इतका गोंधळला की आपण कोणाची इबादत करतो हेच त्याला चाळीस दिवस उमगेना. मग त्याने उलट विचारले, तुमच्या अंगात रूह आहे की नाही? ती तुम्ही पाहिलीत, ऐकलीत, हुंगलीत काय? इमाम अहमद बिन हंबल यांच्या नावावर असलेल्या एका ग्रंथात ही हकीकत येते, आणि येते ती जहमची फजिती दाखवण्यासाठी. आम्हाला त्यातले चाळीस दिवस महत्त्वाचे वाटतात. समोरच्याचा प्रश्न त्याने झटकून टाकला नाही. तो त्याला लागला.

यापुढचे वाद समजायला दोन शब्द हाताशी हवेत. ज्याला सुरुवात नाही तो 'कदीम', म्हणजे अनादी. जे आधी नव्हते आणि मग झाले ते 'हादिस'. अल्लाह कदीम आहे यावर सगळ्यांचे एकमत होते. भांडण होते ते त्याच्याशिवाय दुसरे काही कदीम असू शकते का, यावर. मुअतझिला पंथाचे म्हणणे असे की कुरआन कदीम मानला तर अल्लाहबरोबर दुसरी अनादी वस्तू उभी राहते आणि तौहीदलाच धक्का बसतो. म्हणून कुरआन निर्मित मानला पाहिजे. विरोधकांचे म्हणणे, वाणी हा अल्लाहचा गुण आहे, ती त्याच्यापासून वेगळी वस्तू नव्हे. वाद मदरशात राहिला असता तर बरे झाले असते. इ.स. ८३३ मध्ये खलिफा मामूनने काझींना आणि उलेमांना बोलावून मुअतझिलांचे मत त्यांच्याकडून वदवून घ्यायला सुरुवात केली. हीच ती 'मिहना'. पुढचा खलिफा मुअतसिम याच्या काळात इमाम अहमद बिन हंबल यांना चाबकाचे फटके बसले. त्यांनी मत बदलले नाही. मुतवक्किल खलिफा झाल्यावर हा प्रकार थांबला. आपल्याकडच्या सुधारणावादी लेखनात मुअतझिलांचे कौतुक असते आणि त्यांच्या बुद्धिवादासाठी ते योग्यही आहे. पण त्या वेळी चाबूक बुद्धिवादाचे नाव घेणाऱ्यांच्या हाती होता, हे कौतुक करताना विसरू नये.

ज्या मुअतसिमच्या राज्यात फटके पडले त्यालाच अल-किंदी या तत्त्वज्ञाने आपला 'पहिल्या तत्त्वज्ञाना'वरचा ग्रंथ अर्पण केला. अॅरिस्टॉटलने जग अनादी मानले होते. किंदी अॅरिस्टॉटलचा चाहता, पण या मुद्द्यावर त्याच्याशी असहमत होता. भूतकाळ अनंत असता तर तो ओलांडून आजचा दिवस उगवलाच नसता, असे त्याचे म्हणणे. आपल्या अनुभवातले उदाहरण घेऊन सांगायचे तर रॉकेलच्या रांगेचे घेता येईल. आपल्या पुढच्याला मिळाल्याशिवाय आपल्याला मिळायचे नाही, त्याच्या पुढच्याला मिळाल्याशिवाय त्याला नाही, आणि रांगेला पहिला माणूसच नाही. मग कोणाचाच डबा भरणार नाही. आपला डबा भरला याचा अर्थ रांगेला सुरुवात आहे. हा युक्तिवाद किंदीच्या आधी सहाव्या शतकात अलेक्झांड्रियाच्या ख्रिस्ती पंडिताने, योहान फिलोपोनसने मांडला होता. अरबीत त्याला याह्या नह्वी म्हणत. चांगला युक्तिवाद कोणाच्या धर्माचा आहे हे त्या काळचे आपले विद्वान विचारत बसत नसत.

किंदीनंतर काही दशकांनी इराणातल्या रय शहरात एक वाद झाला आणि त्याची नोंद आजही वाचायला मिळते. एका बाजूला जगप्रसिद्ध हकीम अबू बक्र मुहम्मद बिन झकरिया राझी (८६५-९२५), दुसऱ्या बाजूला त्याच शहरातले इस्माइली धर्मप्रचारक अबू हातिम राझी. हकीम राझींनी पाच अनादी तत्त्वे मानली होती: निर्माता, आत्मा, द्रव्य, काळ आणि अवकाश. ईश्वर आहे, तो दयाळू आहे, पण त्याने शून्यातून जग उभे केले नाही, असलेल्या द्रव्याला आकार दिला, असे ते म्हणत. प्रेषितांची गरज काय, असाही प्रश्न ते करत. अबू हातिमनी त्यांना काळाबद्दल खिंडीत गाठले. ग्रहगोलांची गती नसेल तर काळ तरी कुठून येणार, आणि गती तर निर्माण झालेली आहे. राझींनी सांगितले की गतीने मोजला जाणारा काळ वेगळा आणि मोजला न जाणारा निखळ काळ वेगळा. ही चर्चा अबू हातिमनी आपल्या 'आलामुन्नुबुव्वा' या ग्रंथात दिली आहे. अर्थात त्यात जिंकतात तेच. परंतु हेही पाहावे की प्रेषितत्वावर शंका घेणारा हा माणूस रय आणि बगदादच्या इस्पितळांचा प्रमुख होता, त्याच्याकडे रोगी येत राहिले आणि तो आपल्या गावातच वारला. पुढे अल-बिरूनीने त्याच्या ग्रंथांची यादी तयार केली. बिरूनीला त्याची मते पटत नव्हती, तरीही केली.

बिरूनीने तरुणपणी इब्न सीनाला अठरा प्रश्न पाठवले होते. त्यांतल्या एकात तो म्हणतो, आकाश फार प्राचीन काळापासून जसेच्या तसे दिसत आले आहे, ही जुन्या लोकांची साक्ष अॅरिस्टॉटल पुढे करतो. पण तसे तर डोंगरांबद्दलही म्हणता येईल, आणि डोंगर बदलतात हे आपण जाणतो. इब्न सीनाने उत्तर देताना टोमणा मारला की हे तू याह्या नह्वीकडून उचललेले दिसते. दोन थोर माणसांची ही चकमक वाचताना मजा येते.

'अल्लाहला कोणी निर्माण केले' या प्रश्नाला सर्वांत खोल उत्तर दिले ते याच इब्न सीनाने (९८०-१०३७). तो म्हणतो, सुरुवातीचा शोध सोडा. कोणतीही वस्तू घ्या आणि विचारा, ही नसती तरी चालले असते काय? झाड नसते तरी चालले असते, आपण नसतो तरी चालले असते. अशा वस्तूला त्याने 'मुमकिन' म्हटले. ती आहे, म्हणजे तिच्या असण्याला तिच्याबाहेर काही कारण आहे. आता अशा वस्तूंची साखळी अनंत लांब करा. संपूर्ण साखळी एकत्र घेतली तरी ती मुमकिन वस्तूंचीच बनलेली. ती का आहे, याचे उत्तर तिच्यात सापडत नाही. तेव्हा साखळीबाहेर असे काही असले पाहिजे की ज्याचे नसणे संभवतच नाही. ते 'वाजिब-उल-वुजूद', अनिवार्य अस्तित्व. त्याला कोणी निर्माण केले, हा प्रश्न मग चुकीच्या ठिकाणी लागतो, कारण 'कोणी केले' हे आपण ज्याचे नसणे शक्य होते त्याच्याबद्दलच विचारतो.

पण या उत्तराची किंमत होती. इब्न सीनाच्या मांडणीत जग अनादी राहते. हात फिरतो म्हणून किल्ली फिरते. किल्ली हातावर अवलंबून आहे, पण हात आधी आणि किल्ली नंतर असे वेळेचे अंतर त्यांत नाही. जग अल्लाहवर असेच अवलंबून आहे, नेहमीच होते, असे तो म्हणत होता. निर्माता राहिला, पण 'हो' म्हटले आणि झाले असा क्षण राहिला नाही. साध्या मुसलमानाच्या अकीद्यातून काहीतरी निसटल्यासारखे वाटावे, असा हा विचार होता.

ते निसटणे ज्याने नेमके ओळखले तो इमाम गझाली (१०५८-११११). तूसचा हा मुलगा तेहतिसाव्या वर्षी, १०९१ मध्ये, बगदादच्या निझामिया मदरशाचा प्रमुख अध्यापक झाला. अध्यापनाचा व्याप सांभाळून त्याने तत्त्वज्ञांचे ग्रंथ वाचून काढले. त्यांची मते त्याने आधी 'मकासिदुल फलासिफा' या पुस्तकात इतक्या नीट मांडली की पुढे लॅटिन भाषांतर वाचणारे युरोपीय पंडित त्यालाच इब्न सीनाचा अनुयायी समजले. प्रतिपक्षाचे म्हणणे प्रतिपक्षापेक्षा चांगले सांगून मग खंडन करायचे, ही शिस्त आज आपल्या वादांत कुठे दिसते? १०९५ च्या आरंभी 'तहाफुतुल फलासिफा' पूर्ण झाला. त्यात वीस प्रश्न आहेत आणि पहिला व सर्वांत लांब प्रश्न जगाच्या अनादित्वाचा आहे.

त्यातला एक मुद्दा तर शाळेतल्या मुलालाही सांगता येईल. शनी सुमारे तीस वर्षांत एक फेरी करतो, सूर्य एका वर्षात. (तेव्हा सूर्य फिरतो असेच मानत.) म्हणजे शनीच्या फेऱ्या सूर्याच्या एकतीसांश. जग अनादी असेल तर दोघांच्याही फेऱ्या अनंत झाल्या. मग एक अनंत दुसऱ्या अनंताचा तिसावा भाग कसा? आणि या फेऱ्यांची संख्या सम की विषम? आजचा गणिताचा विद्यार्थी म्हणेल की अनंत संख्यांना हे नियम लावता येत नाहीत, आणि जॉर्ज कँटरने एकोणिसाव्या शतकात अनंताचे गणित मांडल्यानंतर ते खरेही आहे. पण अनंत म्हटले की बुद्धी कुठे अडखळते, ते गझालीने अचूक दाखवले.

तत्त्वज्ञांचा प्रतिप्रश्नही कमी नव्हता. अल्लाहने जग अमुक क्षणीच का निर्माण केले, आधी का नाही? सगळे क्षण सारखेच होते, मग निवड कशावरून? गझाली म्हणतो, भुकेल्या माणसापुढे अगदी सारखे दोन खजूर ठेवा. तो एक उचलतोच, उपाशी मरत नाही. सारख्यातून एक निवडणे यालाच इच्छा म्हणतात. चौथ्या प्रश्नात तर तो डाव तत्त्वज्ञांवरच उलटवतो: जग अनादी आणि कारणांची साखळी अनंत मानल्यावर निर्माता सिद्ध करण्याचा तुमचा हक्कच उरत नाही.

इथे एक गैरसमज दूर करावासा वाटतो. 'प्रत्येक वस्तूला निर्माता असतो, म्हणून जगाला आहे' असा युक्तिवाद गझालीने केलेला नाही. ज्याला सुरुवात आहे त्याला कारण असते, जगाला सुरुवात आहे, म्हणून जगाला कारण आहे, असा तो आहे. बर्ट्रांड रसेलने १९२७ मधल्या आपल्या प्रसिद्ध व्याख्यानात, प्रत्येकाला कारण लागते तर ईश्वरालाही लागेल, असे म्हणून हा विषय काही वाक्यांत निकालात काढला. ते पहिल्या रूपाला लागू पडते, गझालीच्या रूपाला नाही. गझालीचे उत्तर देण्यासाठी जगाला सुरुवात नाही किंवा सुरुवात असूनही कारण लागत नाही, हे दाखवावे लागते. ते कोणी दाखवू शकणार नाही असे आमचे म्हणणे नाही. पण वाद तिथे व्हायला हवा. गंमत अशी की १९७९ मध्ये विल्यम लेन क्रेग या अमेरिकन ख्रिस्ती विद्वानाने हा युक्तिवाद 'कलाम' याच नावाने पुन्हा मांडला आणि इंग्रजी जगात तो गाजला. आपल्या कॉलेजातल्या मुलांना तो बहुधा तिकडून कळतो.

ग्रंथ संपता संपता गझालीने विचारले, मग या लोकांना काफिर म्हणायचे काय? आणि उत्तर दिले, तीन मतांसाठी होय: जग अनादी मानणे, अल्लाहला फक्त सामान्य गोष्टींचे ज्ञान आहे असे म्हणणे, आणि शरीरासह पुनरुत्थान नाकारणे. बाकी सतरा मतांबद्दल तो थांबला. शेकडो पाने तर्क चालवल्यानंतर तर्काच्या जागी फतवा आला, आणि शरियतमध्ये त्या फतव्याचा अर्थ मृत्युदंडापर्यंत जातो. आम्हाला या ग्रंथाची पहिली बाजू जेवढी थोर वाटते तेवढेच हे शेवटचे पान दुःखाचे वाटते. गझालीने विज्ञान संपवले, ही मात्र केवळ दंतकथा आहे. धर्माच्या नावाने ग्रहणाचे गणित नाकारणारा धर्माचेच नुकसान करतो, असे त्याने याच ग्रंथाच्या आरंभी बजावले आहे. आणि मराग्याची वेधशाळा त्याच्या मृत्यूनंतर सुमारे दीडशे वर्षांनी, १२५९ मध्ये उभी राहिली. त्याच्या स्वतःच्या मनाचेही नंतर काय झाले ते त्याने लिहून ठेवले आहे. ग्रंथ झाल्यावर काही महिन्यांतच त्याची वाचा बसली, अन्न जाईना, आणि १०९५ च्या अखेरीस तो मदरसा सोडून निघून गेला. पुढे 'फैसलुत्तफरिका'त त्यानेच किब्ल्याकडे तोंड करून नमाज पढणाऱ्याला काफिर म्हणताना जीभ आवरा, असा सल्ला दिला. तत्त्वज्ञांवरचा निर्णय मात्र त्याने मागे घेतला नाही.

त्या निर्णयाविरुद्ध अपील दाखल केले ते एका काझीनेच. कुर्तुब्याचा इब्न रुश्द (११२६-११९८) हा काझीचा नातू, स्वतः इश्बिलिया आणि कुर्तुब्याचा काझी. ११८० च्या सुमारास त्याने 'तहाफुतुत्तहाफुत' लिहून गझालीच्या ग्रंथाला परिच्छेदागणिक उत्तर दिले. पण आमच्या मते त्याचे खरे काम 'फसलुल मकाल' या लहानशा पुस्तकात आहे, कारण तिथे तो तत्त्वज्ञ म्हणून नव्हे, फिकहचा जाणकार म्हणून बोलतो. इजमा मोडला तरच कुफ्रचा प्रश्न येतो. आणि अशा तात्त्विक बाबतीत सर्व उलेमांचे एकमत झाले होते हे कोणी सिद्ध करू शकत नाही. शिवाय कुरआनच्या शब्दांकडे पाहा, तो म्हणतो. सूरह हूदमध्ये आकाश-पृथ्वीच्या निर्मितीच्या वेळी अर्श पाण्यावर होता असे येते. म्हणजे त्याआधी अर्श होता, पाणी होते. निव्वळ शून्यातून निर्मिती हीदेखील एक ताविलच झाली. कदीम आणि हादिस या दोन टोकांच्या मध्ये जग आहे. कोणी त्याला या बाजूचे नाव देतो, कोणी त्या. अशा मतभेदावर माणसाचे ईमान आणि जीव टांगायचा नसतो.

११९५ मध्ये खलिफा याकूब मन्सूरने इब्न रुश्दला कुर्तुब्याजवळच्या अलिसाना गावी हद्दपार केले आणि तत्त्वज्ञानाची पुस्तके जाळण्याचा हुकूम दिला. काळ लढाईचा होता, खलिफाला लोकप्रिय उलेमांची गरज होती. दोन-तीन वर्षांत राग निवळला, त्याला मर्राकुशला परत बोलावले गेले आणि तिथेच त्याचा अंत झाला. त्याचा देह मायदेशी नेताना शेख इब्न अरबी हजर होते. जनावराच्या एका बाजूला मय्यत आणि तोल साधायला दुसऱ्या बाजूला त्याचीच पुस्तके बांधली होती, असे त्यांनी लिहिले आहे.

हिंदुस्थानात हा वाद मेला नव्हता. दर्से-निझामीत शिकणारी मुले अबहरीच्या 'हिदायतुल हिकमत'वरची 'मैबजी' आणि 'सदरा' ही भाष्ये वाचत, जौनपूरच्या मुल्ला महमूद यांचा 'शम्से-बाझिगा' वाचत. जगाच्या अनादित्वाचे दाखले आणि त्यांचे खंडन हा त्यांच्या परीक्षेचा भाग होता. ज्यांना काफिर म्हटले गेले त्यांचे विचार मदरशाच्याच चटईवर शिकवले जात.

त्याच चटईवर बसून शिकलेले एक गृहस्थ म्हणजे दारुल उलूम देवबंदचे एक संस्थापक, मौलाना मुहम्मद कासिम नानौतवी. उत्तरेत शाहजहानपूरजवळच्या चांदापूर गावी मुन्शी प्यारेलाल या कबीरपंथी जमीनदाराने १८७६ मध्ये एक जत्राच भरवली. तिचे नाव 'मेला-ए-खुदाशनासी', ईश्वराला ओळखण्याचा मेळा. पाद्री, पंडित, मौलवी सगळ्यांना बोलावणे होते. मौलानांनी त्यासाठी एक निबंध लिहून नेला. तो पुढे 'हुज्जतुल इस्लाम' या नावाने छापला गेला, आणि हीच पदवी आठशे वर्षांपूर्वी गझालीला मिळाली होती. १८७७ च्या मार्चमध्ये मेळा पुन्हा भरला. या वेळी पंडितांच्या बाजूला स्वामी दयानंद सरस्वती होते. त्यांनी दोनच वर्षांपूर्वी, १८७५ मध्ये, आपल्या मुंबईत आर्य समाजाची स्थापना केली होती. चर्चेसाठी पाच प्रश्न ठरले. पहिला होता: ईश्वराने जग कशापासून, केव्हा आणि कशासाठी निर्माण केले?

स्वामीजींचे उत्तर, ईश्वर अनादी, जीव अनादी आणि प्रकृतीही अनादी. नसलेल्यातून काही होत नाही. हकीम राझींच्या पाच तत्त्वांतली तीन, जवळपास साडेनऊशे वर्षांनी, गंगेच्या दुआबापलीकडच्या एका खेड्यात उभी होती, आणि समोर गझालीच्या परंपरेतला मौलवी. मंडपात शेतकरी होते, मुनीम होते, आसपासच्या गावांतून चालत आलेले हिंदू-मुसलमान होते. कदीम-हादिस, प्रकृती-पुरुष, त्यांनी सगळे ऐकले. कोणावर फतवा निघाला नाही, कोणाचे पुस्तक जळाले नाही. दोन्ही बाजूंनी आपापले वृत्तांत छापले, आणि दोन्हींत आपलीच सरशी आहे. मेळा दोन दिवसांत आटोपला. जग कशापासून, केव्हा आणि कशासाठी, हा प्रश्न तसाच मंडपात राहिला आणि लोक आपापल्या गावी परतले.